वकिलांच्या दप्तरांतील पत्रें

आज ज्या पत्रांविषयीं मी बोलणार आहें, तीं वाचून कोणाचें मन उचंबळून येईल असें नाहीं. त्यांत प्रेमाची भाषा नाहीं, कीं रणांगणाचें वर्णन नाहीं. अमुक गृहस्थ निवर्तले. त्यांच्या मागें एवढी जमीन, एवढीं गुरें आणि एवढें कर्ज राहिलें आहे. सावकारांचा तगादा सुरू झाला आहे. विधवेचा हिस्सा ठरवावयाचा आहे. अज्ञान मुलांना पालक नेमला पाहिजे. तरी उलट टपालीं उत्तर यावें, असा त्यांचा एकंदर मजकूर. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अमेरिकेंतील वकिलांनीं मृतांच्या इस्टेटींची निरवानिरव करतांना लिहिलेलीं अशीं पत्रें पुष्कळ उरलीं आहेत. कांहीं सरकारी दप्तरखान्यांत आहेत, कांहीं ग्रंथालयांत आहेत, आणि कांहीं हौशी संग्राहकांच्या कपाटांत आहेत. इतक्या रुक्ष कागदांच्या मागें शहाणीं माणसें कां लागतात, आणि त्या हौसेनें इतिहासाचें हित किती व अनहित किती झालें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम हीं पत्रें जन्माला कशीं आलीं तें पाहूं. अमेरिकेंतील वसाहतींनीं इंग्लंडचा वारसाकायदा आपल्याबरोबर नेला होता. मनुष्य मृत्युपत्र करून वारला, तर त्यांत नेमलेल्या व्यवस्थापकानें तें कोर्टापुढें ठेवून प्रोबेट घ्यावें. मृत्युपत्र न करतां वारला, तर कोर्टानें कारभारी नेमावा. मग शेजारपाजारच्या दोनचार प्रतिष्ठित गृहस्थांनीं मृताच्या घरांत फिरून चांदीच्या चमच्यापासून फुटक्या किटलीपर्यंत प्रत्येक वस्तूची किंमत लिहून काढावी, देणीं फेडण्यापुरता माल जाहीर लिलावानें विकावा, आणि उरलें असेल तें वारसांना वांटून द्यावें. विधवेला नवऱ्याच्या जमिनीच्या एक तृतीयांशाचा उपभोग तिच्या हयातीपुरता मिळे. या हक्काला ‘डॉवर’ म्हणत. सांगावयास हें सारें सोपें आहे. परंतु जमीन व्हर्जिनियांत, तंबाखू विकणारा अडत्या लंडनमध्यें, एक मुलगा पश्चिमेकडे नवी शेती करावयास गेलेला आणि मुलगी दूरच्या गांवीं दिलेली, अशी स्थिति असली म्हणजे एकेका इस्टेटीचा पत्रव्यवहार वर्षानुवर्षें चाले. तो चालवावा वकिलानें.

या पत्रांचें बाह्य रूपही ध्यानांत घेण्यासारखें आहे. १७९२ च्या टपालकायद्याप्रमाणें एका कागदाच्या पत्राला ३० मैलांपर्यंत ६ सेंट आणि ४५० मैलांच्या पुढें २५ सेंट पडत. कागद दोन झाले कीं हांशील दुप्पट. पाकीट घातलें तर तोही दुसरा कागद धरला जाई. म्हणून लिहिलेलाच कागद घडी घालून त्यावर लाखेची मोहर करीत आणि बाहेरच्या कोऱ्या बाजूवर पत्ता लिहीत. हांशील बहुधा पत्र घेणाऱ्याकडून वसूल होई. टपालाचीं तिकिटें तेथें सरकारनें १८४७ च्या जुलैंत प्रथम काढलीं. त्यापूर्वींच्या पत्रावर हांशिलाचा आंकडा पोस्टमास्तर हातानें लिही किंवा ठशानें उठवी. पत्र हातीं पडलें म्हणजे वकील तें वाचून पुनः लांबट घडी घाली, पाठीवर पाठविणाऱ्याचें नांव, तारीख आणि कामाचा विषय टिपून ठेवी, आणि त्याच कामाच्या इतर कागदांबरोबर फितीनें बांधी. कागद चिंध्यांपासून केलेला, म्हणून चिवट. शाई काळाबरोबर तपकिरी झालेली. आजही असें पुडकें सोडलें, तर कागद त्या जुन्या घडीवरच उलगडतो.

आतां मुख्य प्रश्न असा कीं, हींच पत्रें कां टिकलीं? याचें उत्तर एका प्रसिद्ध घराण्याच्या इतिहासांत मिळतें. जॉर्ज वॉशिंग्टन १७९९ सालीं १४ डिसेंबरला वारला. पुढें त्याची पत्नी मार्था हिनें आपणां दोघांमधील चाळीस वर्षांचा पत्रव्यवहार जाळून टाकला. त्यानें तिला लिहिलेलीं पत्रें आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं उरलीं आहेत. नवराबायकोचें बोलणें जगाच्या डोळ्यांना पडूं नये असें त्या बाईला वाटलें असेल, तर त्यांत तिचा काय दोष? पण त्याच मार्थाच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीचे कागद मात्र शिल्लक राहिले. डॅनियल पार्क कस्टिस हा व्हर्जिनियांतील मोठा जमीनदार १७५७ च्या जुलैंत वारला. त्यानें मृत्युपत्र केलें नव्हतें. मागें सव्वीस वर्षांची विधवा, दोन लहान मुलें, साडेसतरा हजार एकरांच्या आसपास जमीन आणि सुमारें तीनशें गुलाम. पुढच्याच महिन्यांत विल्यम्सबर्गचा वकील रॉबर्ट कार्टर निकोलस यानें इस्टेटीच्या कामीं तिला सल्ल्याचें पत्र पाठविलें. आणि तिनें स्वतः लंडनच्या व्यापाऱ्याला कळविलें कीं, पतीचें निधन झालें, त्याच्या मिळकतीचा कारभार आतां माझ्याकडे आहे, आपल्याशीं व्यवहार पुढें चालू राहील, तंबाखूला भाव चांगला यावा. हीं पत्रें जाळतां येण्यासारखीं नव्हतीं. त्यांच्यावर दोन मुलांचा हक्क अवलंबून होता, आणि उद्यां कोणी दावा लावला तर तींच कोर्टापुढें ठेवावीं लागणार होतीं. हृदयाचीं पत्रें ज्याचीं त्याच्या स्वाधीन असतात. हिशेबाचीं पत्रें वारसांच्या, सावकारांच्या आणि न्यायाधीशांच्या स्वाधीन असतात. म्हणून पहिलीं नष्ट होतात आणि दुसरीं टिकतात.

पण टिकलेल्या त्या कागदांत केवळ तंबाखूचे आणि खुर्च्यांचे भाव नाहींत. वसाहतीच्या काळांत व्हर्जिनियांत १७०५ च्या कायद्यानें गुलाम ही वारसाच्या बाबतींत स्थावर मिळकत ठरली होती. तेव्हां विधवेच्या एक तृतीयांशांत जशी जमीन आली, तशीं माणसेंही आलीं. मार्थाच्या वांट्याला हयातीपुरते ८० हून अधिक गुलाम आले. मुख्य मालकी मात्र कस्टिसच्या वारसांची राहिली. १७५९ सालीं तिनें वॉशिंग्टनशीं लग्न केलें आणि तीं माणसें त्याच्या माउंट व्हर्नन येथील शेतांवर राबूं लागलीं. पुढें चाळीस वर्षांनीं, १७९९ च्या जुलैंत, वॉशिंग्टननें आपलें मृत्युपत्र स्वतःच्या हातानें लिहिलें. आपण कोणाही धंदेवाईक वकिलाचा सल्ला घेतलेला नाहीं असें त्यानें त्यांत नमूद केलें, आणि वारसांत वाद निघाला तर तो कायद्याच्या कीस काढण्यांत न पडतां तिघां पंचांनीं मिटवावा अशी तजवीज केली. आपले गुलाम पत्नीच्या पश्चात् मुक्त व्हावेत अशी त्याची आज्ञा होती.

त्याच वर्षीं त्यानें केलेल्या यादींत एकंदर ३१७ माणसें आहेत. त्यांपैकीं १२३ त्याच्या स्वतःच्या मालकीचीं, १५३ डॉवरचीं, म्हणजे कस्टिस इस्टेटीचीं, आणि बाकीचीं भाड्यानें घेतलेलीं. ज्यांना मुक्त करण्याचा अधिकार त्याला होता, तीं १२३ माणसें मार्थानें १८०१ च्या पहिल्या जानेवारीलाच मुक्त केलीं. १५३ जणांना मुक्त करणें तिच्याही हातीं नव्हतें. मधल्या चाळीस वर्षांत या दोन वर्गांत लग्नें झालीं होतीं. नवरा वॉशिंग्टनच्या मालकीचा, बायको डॉवरची. आणि मूल आईच्या वर्गांत जात असे. अशा घरांतला बाप स्वतंत्र झाला आणि बायकोमुलें गुलाम राहिलीं. १८०२ सालीं मार्था वारल्यावर तीं माणसें तिच्या चार नातवंडांत वांटलीं गेलीं. ४५ वर्षांपूर्वीं वारलेल्या एका मनुष्यानें मृत्युपत्र केलें नव्हतें, आणि त्याची इस्टेट कायद्याप्रमाणें बिनचूक विभागली गेली होती, याचा हा परिणाम. ज्या कारकुनानें १७५७ च्या याद्या लिहिल्या, त्याला आपण काय लिहीत आहों याची कल्पनाही नसेल.

दुसरें उदाहरण खुद्द एका वकिलाचें आहे. टॉमस जेफर्सन यानें १७६७ सालीं वकिली सुरू केली. १७७२ सालीं त्यानें मार्था वेल्स स्केल्टन हिच्याशीं विवाह केला. तिचे वडील जॉन वेल्स हेही वकील, आणि ब्रिस्टलच्या एका व्यापारी पेढीच्या वतीनें व्हर्जिनियांत कर्जवसुली करणारे. १७७३ च्या मे महिन्यांत वेल्स वारले. जेफर्सन आणि दुसरे दोन जांवई यांच्यावर इस्टेटीचा कारभार आला. जेफर्सनच्या वांट्याला सुमारें ११,००० एकर जमीन आणि १३५ गुलाम आले. त्यांबरोबर सासऱ्यानें इंग्लंडांत केलेल्या कर्जाचा वांटाही आला. कर्ज फिटेपर्यंत न थांबतां जांवयांनीं इस्टेट वांटून घेतली आणि तें देणें आपल्या डोक्यावर घेतलें. जेफर्सननें कर्जासाठीं जमीन विकली. पण इतक्यांत स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालें, घेणाऱ्यांनीं किंमत कागदी चलनांत चुकती केली, आणि त्या चलनाची किंमत पाहतां पाहतां धुळीला मिळाली. इंग्लंडांतील धनकोला अर्थातच खरा पैसा पाहिजे होता. या एका इस्टेटीचा पत्रव्यवहार जेफर्सन राजदूत असतां चालू होता, परराष्ट्रमंत्री असतांही चालू होता. जमाखर्चाच्या बाबतींत तो स्वतः दक्ष होता. १८०४ पासून एकाच वेळीं दोन लेखण्यांनीं लिहिणारें यंत्र वापरून तो आपल्या पत्रांच्या नकला ठेवी. तरी कर्ज कधीं सुटलें नाहीं. १८२६ सालीं तो वारला तेव्हां वेल्सचें आणि मागाहून झालेलें मिळून त्याचें देणें एक लाख डॉलरच्या वर होतें, आणि पुढच्या जानेवारींत त्याच्या माँटिसेलो येथील घरासमोर सुमारें १३० गुलामांचा लिलाव पुकारला गेला.

वेल्सच्या इस्टेटींतून जेफर्सनकडे आलेल्या माणसांत एलिझाबेथ हेमिंग्ज नांवाची एक स्त्री आणि तिचीं मुलें होतीं. त्यांपैकीं सॅली ही १७७३ सालीं जन्मलेली, म्हणजे वांटणीच्या वेळीं तान्ही. तिचे वडील जॉन वेल्स हेच होते असें तिचा मुलगा मॅडिसन हेमिंग्ज यानें १८७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत सांगितलें. आणि आपला स्वतःचा बाप टॉमस जेफर्सन असेंही सांगितलें. या सांगण्याकडे पंडितांनीं शंभर वर्षांहून अधिक काळ कानाडोळा केला. १९९७ सालीं ॲनेट गॉर्डन-रीड या कायद्याच्या प्राध्यापिकेनें दोन्ही पक्षांचा पुरावा वकिलाच्या काटेकोरपणानें तपासून दाखवून दिलें कीं, एका बाजूच्या साक्षीदारांना न्याय मिळालेलाच नाहीं. पुढच्याच वर्षीं झालेल्या आनुवंशिक तपासणीनें त्या म्हणण्याला बळकटी आली, आणि आज बहुतेक इतिहासकार मॅडिसनचें म्हणणें खरें मानतात. हेमिंग्ज घराण्यावरील गॉर्डन-रीड यांच्या ग्रंथाला २००९ सालीं पुलित्झर पारितोषिक मिळालें. त्या घराण्याची कहाणी जुळविण्यास जे कागद उपयोगी पडले, त्यांत वेल्सच्या इस्टेटीचे कागद आहेत. एका वकिलाची मिळकत दुसऱ्या वकिलानें वांटली. आणि सव्वादोनशें वर्षांनीं कायदा शिकलेल्या एका बाईनें ते कागद उलट्या बाजूनें वाचले. लिहिणाऱ्यांना मिळकत दिसत होती. तिला माणसें दिसलीं.

आतां संग्राहकांकडे वळूं. अमेरिकेंत थोर पुरुषांच्या स्वाक्षऱ्या जमविण्याचा छंद एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं फैलावला. जॉर्ज वॉशिंग्टनचे कागद त्याच्या मृत्युपत्राप्रमाणें पुतण्या बुशरॉड याच्याकडे आले. हा बुशरॉड वकील, काकाच्या इस्टेटीचा एक व्यवस्थापक आणि वरिष्ठ कोर्टाचा न्यायाधीश. म्हणजे कागदाची किंमत ज्याला कळावी असाच मनुष्य. पण मागेल त्याला काकाच्या हातचा एखादा कागद देण्याइतका तो उदार होता. १८१५ च्या सुमारास विल्यम स्प्रेग नांवाचा तरुण शिक्षक वॉशिंग्टनच्या आप्तांच्या घरीं राहिला होता. त्याला बुशरॉडनें जुन्या पत्रव्यवहारांतून हवीं तीं पत्रें नेण्याची परवानगी दिली. अट एवढीच कीं, नकला ठेवाव्यात. त्यानें सुमारें दीड हजार पत्रें नेलीं. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या ५६ जणांच्या स्वाक्षऱ्यांचा पूर्ण संच प्रथम जमविणारा तो हाच. पुढें वॉशिंग्टनचे लेख संपादन करणारा जॅरेड स्पार्क्स यानें तर त्याच्या पहिल्या उद्घाटनाच्या भाषणाचा, न वापरलेला मसुदा कापून त्याचे तुकडे स्नेह्यांना आठवण म्हणून वांटले. ते तुकडे अद्याप सगळे जुळलेले नाहींत.

या छंदाची परिसीमा म्हणजे बटन ग्विनेट याची सही. जॉर्जियाचा हा व्यापारी जाहीरनाम्यावर सही करून वर्षही पुरें होण्यापूर्वीं, १७७७ सालीं, द्वंद्वयुद्धांत जखमी होऊन मेला. त्यामुळें त्याच्या सह्या अति दुर्मिळ; ज्या आहेत त्यांतील बऱ्याच कर्जाच्या आणि कोर्टकचेरीच्या कागदांवर सांपडल्या. त्याची सही असलेलें एक पत्र १९२७ सालीं ५१,००० डॉलरला विकलें गेलें. असा भाव येऊं लागल्यावर कोर्टाच्या दप्तरांची काय दशा झाली असेल, याची कल्पना श्रोत्यांनींच करावी. सहीचा तुकडा कापून घ्यावा आणि मजकूर टाकून द्यावा, असा क्रम कित्येक वर्षें चालला. अब्राहाम लिंकन यानें जवळजवळ पंचवीस वर्षें इलिनॉयमध्यें वकिली केली. १९८५ पासून त्याच्या वकिलीच्या कागदांचा पद्धतशीर शोध झाला आणि २००० सालीं पांच हजारांहून अधिक कामांचे कागद प्रसिद्ध झाले. पण शोध करणाऱ्यांना कित्येक ठिकाणीं त्याच्या हातचा कागद आधींच पळविलेला आढळला. दुसऱ्यांच्या इस्टेटींचीं कामें चालविलेला हा वकील स्वतः मात्र मृत्युपत्र न करतां गेला. त्याची सुमारें १,१०,००० डॉलरची मिळकत न्यायाधीश डेव्हिड डेव्हिस या स्नेह्यानें, मेहनतान्याचा एक पैसाही न घेतां, विधवा आणि दोन मुलगे यांना सारखी वांटून दिली.

मार्था वॉशिंग्टनच्या मृत्युपत्राची हकीकत तर बोधप्रद आहे. १८६२ सालीं यादवी युद्धांत तें फेअरफॅक्सच्या कोर्टांतून उत्तरेच्या सैन्यांतील एका अधिकाऱ्याच्या हातीं पडलें, आणि पुढें त्याच्या मुलीनें तें जे. पी. मॉर्गन या धनाढ्य संग्राहकाला विकलें. व्हर्जिनियानें तें परत मागितलें. प्रकरण वरिष्ठ कोर्टापर्यंत गेलें. अखेर १९१५ सालीं मॉर्गनच्या मुलानें तें परत केलें. पैसे मोजून घेतलेली वस्तु आपली, हा न्याय बाजारांत ठीक आहे. कोर्टांत नोंदलेलें मृत्युपत्र ही बाजारची वस्तु नव्हे.

मग पत्रें जमवूंच नयेत काय? असें मी म्हणणार नाहीं. पुष्कळ वकिलांच्या दप्तरांना वारस राहिले नाहींत. कचेऱ्या मोडल्या, माळे रिकामे झाले, आणि रद्दीच्या मार्गाला लागलेले कागद छंदिष्टांनींच वांचविले. ज्यांना टपालाचे जुने ठसे पाहिजे होते, त्यांनीं ठशाबरोबर पत्रही जपलें. आक्षेप आहे तो पुडकें फोडण्यावर. एका इस्टेटीचीं चाळीस पत्रें एकत्र असलीं म्हणजे तें एका घराचें चरित्र असतें. तींच चाळीस गिऱ्हाइकांना एकेक करून विकलीं, म्हणजे उरतात चाळीस सह्या. म्हणून जाणता संग्राहक पाठीवरचें टिपण पुसत नाहीं, कागद चिकटवून टाकीत नाहीं, कोणतें पत्र कोणत्या पुडक्यांतून आलें याची नोंद ठेवतो, आणि एक नक्कल जवळच्या दप्तरखान्याला देतो.

हा आग्रह केवळ पंडितांसाठीं नाहीं. अमेरिकेच्या १८५० आणि १८६० च्या खानेसुमारींत गुलामांच्या स्वतंत्र याद्या आहेत. त्यांत मालकाचें नांव आहे, गुलामाचें वय आहे, तो स्त्री कीं पुरुष हें आहे, परंतु क्वचित् अपवाद वगळतां त्याचें नांव नाहीं. मुक्त झालेल्या या लोकांचीं नांवें खानेसुमारींत सरसकट प्रथम आलीं तीं १८७० सालीं. आज त्यांचे वंशज आपल्या पूर्वजांचा शोध घेऊं लागले कीं, १८७० च्या भिंतीपाशीं त्यांना थबकावें लागतें. त्या भिंतीपलीकडे जाण्याच्या ज्या थोड्या वाटा आहेत, त्यांतील एक वकिलाच्या पुडक्यांतून जाते. कारण मालक मेला म्हणजे त्याची मिळकत मोजावी लागे, आणि मोजतांना माणसांचीं नांवें लिहावीं लागत. अमुक नांवाची बाई, तिचें मूल, किंमत इतकी. ती थोरल्या मुलाकडे गेली. मूल धाकट्याकडे गेलें. लिहिणाऱ्याच्या मनांत करुणा नव्हती. त्याला हिशेब जुळवावयाचा होता. पण त्याच्या त्या हिशेबामुळेंच आज कोणाला तरी आपल्या खापरपणजीचें नांव सांपडतें.

अशा वेळीं पुडक्यांतील कोणता कागद मोलाचा, हें सांगणें कठीण आहे. लिलावाच्या बाजारांत जाहीरनाम्यावर सही करणाऱ्याच्या पत्राला हजारों डॉलर येतील, आणि त्याच फितींत बांधलेल्या, कोणा अप्रसिद्ध वकिलानें केलेल्या यादीला कोणी विचारणार नाहीं. शोध करीत आलेल्या त्या वंशजाला मात्र ती यादीच हवी असते. आणि ती कोणी बाजूला काढून टाकली असेल, तर तिची नक्कल जगांत दुसरीकडे कोठेंही नसते.